कढीलिंबाला सांगितलेलं

“शैला, उभी राहा. ॲपॉस्ट्रफी म्हणजे काय?”

उपाध्ये सरांनी विचारलं आणि मी उभी राहिले. तेवढंच मला जमण्यासारखं होतं. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेतली एखादी ओळ द्यायचे आणि तिच्यातला अलंकार ओळखायला सांगायचे. त्या अलंकारांची नावं सरांनी फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवली होती. ऑनोमॅटोपिया हा शब्द म्हणताना तर आमच्या अर्ध्या वर्गाला ठसका लागायचा.

“सर, जी वस्तू, म्हणजे जी व्यक्ती समोर नाही, तिला उद्देशून...”

“पाठ केलेलं म्हणतेस. कळलंय का?”

“नाही सर.”

“बस. निदान खरं बोललीस.”

सर सायकलवरून यायचे आणि पँटीला लावलेला चाप वर्गात शिरल्यावरही काढायला विसरायचे. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या पोरांना कविता काय कळणार, असं म्हणणारे बाकीचे शिक्षक होते, सर त्यांतले नव्हते. पूर्वपरीक्षेत आम्ही लावलेले दिवे बघून त्यांनी पाठांतर बंदच करून टाकलं. म्हणाले, “प्रत्येक अलंकाराचं एकेक उदाहरण आपापल्या घरातून आणा. मराठीत चालेल. माणसं भांडताना, रागावताना, लाड करताना काय बोलतात ते कान देऊन ऐका. पुस्तकातलं उदाहरण आणलं तर मी वही परत देणार नाही.”

मी घरी आले आणि पायरीवर वही घेऊन बसले. बाकीचे अलंकार घरात नुसते लोळत पडले होते. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटक-खटक चालायची, तिथे ऑनोमॅटोपिया, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द, शोधायला कुठे जायलाच नको. बाबांनी “तुला हजारदा सांगितलंय, सायकल आडवी लावू नको” म्हटलं, ती अतिशयोक्ती झाली, कारण सांगितलं होतं फार तर दोनदा. “भोपळ्यासारखी काय बसलीस, ऊठ, भाकरी थाप” असं आईने म्हटलं आणि उपमाही पदरात पडली. अडलं ते ॲपॉस्ट्रफीपाशी. झाडाला, वाऱ्याला, चंद्राला, नाहीतर समोर नसलेल्या माणसाला हाक मारून बोलायचं म्हणे. आमच्या घरात कोण कशाला चंद्राशी बोलेल?

आमच्या घराची रचना सांगायला हवी. आमचं आणि काकाचं घर भिंतीला भिंत लागून होतं आणि दोघांच्या मागे मिळून एकच परडं होतं. परड्याच्या मधोमध कढीलिंबाचं झाड. झाडाच्या अलीकडे आमचा धुण्याचा दगड, पलीकडे इंदाकाकीचा. आई थोरली जाऊ, काकी धाकटी. आणि त्या दोघींचा अबोला होता.

अबोल्याचं कारण सगळ्या भावकीला ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाच्या जावळाच्या जेवणाला आईने पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. भरल्या पंगतीत काकीने वाढणाऱ्याला थांबवून मीठ मागितलं. बाकी सगळे मुकाट जेवत होते. आईच्या मते आमटीत मीठ होतं. काकीच्या मते मीठ मागणं हा काही गुन्हा नव्हता. माझा तो भाऊ आता शाळेत जायला लागला होता, पण दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नव्हत्या.

तर मी पायरीवर बसले होते, आणि आई फोडणीसाठी पानं तोडायला झाडापाशी आली.

“कढीलिंबा,” आई झाडाला म्हणाली, “काही जणांना सकाळी सकाळी सगळी कोवळी पानं ओरबाडून न्यायची सवय असती बघ. दुसऱ्याच्या फोडणीचा इचार न्हाय.”

पलीकडे काकी धुणं आपटत होती. तिचं सुंदरी नावाचं मांजर दगडाशेजारी बसलं होतं. त्याचा एक कान तुटका होता, शेपूट अर्धवट होतं आणि नावाशी त्याचा काही संबंध नव्हता.

“सुंदरे,” काकी मांजराला म्हणाली, “झाड मामंजींनी लावलंय. कुणाच्या म्हायेरनं आलेलं न्हाय.”

“कढीलिंबा, तुला पाणी कोण घालतंय तेवढं ध्यानात ठेव.”

“सुंदरे, एक दिवसाआड दुसरं कोण घालतंय तेबी ध्यानात ठेवाय सांग.”

हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. मागांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय, त्यामुळे झाडाला सांगितलेलं मांजराच्या मालकिणीला नीट पोचायचं. त्या दिवशी मात्र माझं पेन हातातच राहिलं. मग मी ते सगळं जसंच्या तसं उतरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

“हे तू रचलंस?”

“नाही सर. रोज असतं.”

“रोज?”

“नळाला पाणी आलं की जरा जास्त असतं.”

“शैला, मला हे ऐकायचंय,” सर म्हणाले. मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणत असतील.

त्याच आठवड्यात काकीने मांजराला एक बातमी दिली. काका माग दुरुस्त करणारा जॉबर होता, आणि त्याला भिवंडीच्या एका कारखान्यात जास्त पगाराची नोकरी लागली होती. “सुंदरे, महिना संपला की आम्ही चाललो भिवंडीला. बिऱ्हाड घेऊनच,” काकी म्हणाली आणि दगडावर साबण घासत राहिली.

आई परडं झाडत होती. तिने झाडू तिथेच टाकला. आत आली आणि चुलीवरची भाजी ढवळायला लागली. भाजी कधीच शिजून उतरवायची झाली होती.

संध्याकाळी मी भाकरीला बसले तेव्हा ती आपणहून बोलली.

“लग्न होऊन आली तेव्हा ती केवढीशी हुती. म्हायेराची आठवण आली की माझ्या पदरात तोंड घालून रडायची. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मीच हुतो उशाशी.” आमच्याकडच्या बायका अशाच, पुरुषांसारखं ‘हुतो’ म्हणणाऱ्या. “जायच्या आधी एकदा तरी तिच्याशी तोंडानं बोलायचं हाय बघ मला.”

“मग बोल की.”

“मी थोरली हाय.”

“म्हणून काय झालं?”

“मीठ तिनं मागितलं हुतं. मी न्हाय.” आईने भाकरी उलटली. “ती एक शब्द बोलू दे. मी दहा बोलतो.”

मी बघत राहिले आणि मला आशा वाटायला लागली, कारण झाडाशी आणि मांजराशी होणारं बोलणं त्या दिवसापासून हळूहळू मऊ पडत चाललं होतं.

“कढीलिंबा, भिवंडीचं पाणी खारट असतंय म्हणं.”

“सुंदरे, खारट असलं तर बरंच की. आमटीत मीठ घालाय नको.”

आईने हे ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि पळतच घरात आली. कोठीच्या खोलीत जाऊन ती हसली. पलीकडून काकीची बादली उगाचच जोरात आपटल्याचा आवाज आला, म्हणजे तीही हसत होती. दोन-चार दिवसांत झाड आणि मांजर बाजूला सरून या समोरासमोर येणार, याची मला खात्री वाटत होती.

नेमके तेव्हा सर आले.

मागांना साप्ताहिक सुट्टी होती. सगळी गल्ली शांत होती आणि परड्यात कुजबूजसुद्धा ऐकू जात होती. सरांनी सायकल दारात लावली आणि बाबांना म्हणाले, “शैलाच्या अभ्यासाची चौकशी करायला आलो.” बाबांनी त्यांना मागच्या दारातल्या उन्हात पाटावर बसवलं. आईने चहा दिला. सरांनी कप हातात धरून ठेवला, पण प्याले नाहीत. ते कान देऊन बसले होते. पाहुणा बसलाय म्हणून आई आधी गप्प होती, पण काकी बादली घेऊन बाहेर आली आणि तिला राहवलं नाही.

“कढीलिंबा,” आई बारीक आवाजात म्हणाली, “लांबच्या गावाला जाणाऱ्यानं लोणच्याची बरणी न्यावी. तिकडं आपल्यासारखी कैरी मिळत न्हाय.”

“सुंदरे,” काकी म्हणाली, “बरणी कुणी दिली तर नेता येतीय.”

इतकं जवळ त्या कधी आल्या नव्हत्या. आणि सर पाटावरून उठले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता, कपातला चहा बशीत सांडत होता.

“वा! शैला, बघ, हीच ती ॲपॉस्ट्रफी. बोलायचं झाडाला, आणि ऐकणारं माणूस पलीकडे.” मग ते आईकडे वळले. “वहिनी, तुम्ही हे यांनाच म्हणताय ना?”

त्यांनी हाताने सरळ काकीकडे दाखवलं.

हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. भावकीला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. पण ते तोंडाने म्हणायचं नसतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. झाडाला सांगितलेलं काकीसाठी असतं असं एकदा ठरलं, की आई काकीशी बोलली असाच त्याचा अर्थ झाला. आणि थोरलीने आधी बोलायचं नव्हतं.

“न्हाय ओ सर,” आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “मी आपलं झाडाला म्हटलं.”

“आणि मी मांजराला,” काकी म्हणाली.

दोघी आपापल्या घरात गेल्या. दोन्ही दारं लागली. सर कप घेऊन तसेच उभे राहिले.

“मी काही चुकीचं बोललो काय?” त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “चहा गार झाला असंल, दुसरा सांगतो.”

त्यानंतर मात्र खरा अबोला सुरू झाला. आई झाडाला मुकाट पाणी घालायची. काकी मांजरापुढे दुधाची वाटी ठेवायची आणि वळायची. मागांच्या आवाजात परडं मला सुनं वाटायला लागलं. लोणच्याची बरणी आईने भरली, फडकं बांधलं आणि ती आमच्याच फळीवर बसून राहिली.

मी वर्गानंतर सरांना गाठलं. “सर, तुम्ही सांगून टाकलंत. आता त्या झाडाकडे बघतपण नाहीत.”

सरांना फार वाईट वाटलं. “मी वर्गातसुद्धा हेच करतो काय गं? चाललेली कविता थांबवून समजावत बसतो?”

“कधी कधी, सर.”

“हं,” सर म्हणाले. “झाड गेलं तर त्या दुसरं काहीतरी शोधतील. तू काही बोलू नकोस. मीपण येत नाही.”

महिनाअखेर आली. सकाळी टेम्पो दारात लागला. कॉट, गाद्या, पितळी भांडी, शिलाई मशीन असं सगळं चढलं. काकाने आईच्या पाया पडून निरोप घेतला, मुलांनी घेतला. काकी दाराला कुलूप घालून आली आणि टेम्पोत पुढे, खिडकीशी जाऊन बसली. आई आमच्या उंबऱ्यात उभी होती. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात भाकरी आणि शेंगांच्या चटणीचं फडकं. पाऊल काही पुढे पडत नव्हतं. मी मागून तिला हळूच ढकललं तर तिने कोपर मारलं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

आई तडक उतरली, टेम्पोच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या नाकाडावर हात ठेवून म्हणाली, “हे बघ टेम्पो. लांबचा पल्ला हाय. घाटात सावकाश जा.”

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. “मावशी, मला म्हणताय काय?”

“नाही हो,” मी म्हणाले, “टेम्पोला.”

त्याने माझ्याकडे बघितलं, काकाकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. शहाणा माणूस होता.

“तुझ्यात बसलेल्या एकीला गाडी लागती,” आई टेम्पोला सांगत होती. “खिडकी उघडी ठेव. आवळासुपारी फडक्यात बांधलीय. बरणी पायापाशी धर, सांडली तर सगळ्या गाद्या तेलकट करशील. आणि पोचलास की कुणाकडनं तरी निरोप धाड. इकडं जीव लागून ऱ्हातोय.” बोलता बोलता तिने बरणी आणि फडकं खिडकीतून आत सरकवलं. नजर टेम्पोच्या दिव्यावर. काकीच्या मांडीवर बरणी बसली आणि काकीने ती दोन्ही हातांनी धरली.

सुंदरी टेम्पोच्या चाकापाशी घोटाळत होती. काकी खिडकीतून खाली बघत म्हणाली, “सुंदरे, तुला न्हाई नेता येत. तिथला घरमालक मांजर ठेवू देत न्हाई. तू हितंच ऱ्हा. शेजारी एक बाई हाय. जीभ तेवढी कडक, पण दुधाचा हात सढळ हाय. तिचा गुडघा दुखतोय, थंडीत तिच्या पायाशी निजत जा.”

काकाने ड्रायव्हरला खूण केली. टेम्पो वळला, गल्लीच्या तोंडाला गेला आणि दिसेनासा झाला. आईने वाकून मांजर उचललं. ते तिला ओरबाडत होतं तरी तिने सोडलं नाही.

दिवे लागायच्या वेळी मी पायरीवर वही घेऊन बसले होते. परीक्षा तोंडावर आली होती. आई परड्यात आली. मला वाटलं, पानं तोडेल. ती झाडापाशी थांबली नाही. झाडापलीकडे गेली, काकीच्या दारापाशी उभी राहिली आणि कुलपाला हात लावून म्हणाली, “इंदे, मीठ कमीच पडलं हुतं गं त्या दिवशी.”

मी वहीत मान घातली. पानावर सरांनी लिहून दिलेली व्याख्या होती: समोर नसलेल्या माणसाला, तो समोर असल्यासारखं उद्देशून बोलणे. मला ती पाठ करावी लागली नाही. मला रडायला मात्र आलं, आणि खालची अक्षरं पुसट झाली.

बोर्डाच्या पेपरात वाऱ्याला हाक मारणारी एक ओळ आली होती. ती वाचून मी इतकी मोठ्याने हसले की पर्यवेक्षक बाईंनी माझी उत्तरपत्रिका हलवून बघितली. निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, “मी आता कमी समजावतो.” ते खरं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

बेंदराचा, म्हणजे बैलांचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे पुरण असतंच. आई चुलीपाशी आमटीला फोडणी देत होती आणि मी पोळ्या लाटत होते. परड्याच्या फाटकाची कडी वाजली. काकी सणाला आली होती, अंगावर प्रवासाची चुरगळलेली साडी, हातात रिकामी झालेली लोणच्याची बरणी. काका आणि पोरं सामान घेऊन मागून येत होते. सुंदरी धावत गेली आणि तिच्या पायात लोळायला लागली.

काकीने मांजराकडे बघितलं नाही. ती झाडापाशी उभी राहिली. घराकडे बघायचा धीर तिला झाला नसावा.

“कढीलिंबा,” ती झाडाला म्हणाली, “बरा हाइस न्हवं? गुडघा कसा हाय?”

मी लाटणं तसंच धरून राहिले. आई हातात पळी घेऊन दारात आली. थोरली होती, अजून धाकटी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि समोर झाड होतं, मांजर होतं, सगळी सोय होती.

“झाडाला कुठला गुडघा?” आई म्हणाली. “मला इचार की, इंदे.”

काकीला हातातली बरणी खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ती तशीच आली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. पळीतली आमटी दोघींच्या साड्यांवर सांडत होती.

“अक्का, आमटी केलीस?”

“केलीय.” आईने पदराने आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. “चल आत. मीठ तेवढं तू घाल.”